पायरी या नावाने खेळणाऱ्या नंदूस

नंदू,

कोणाकोणाला कळवायचं याची यादी बाबांनी वे-बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर केली होती. कंडक्टरकीची सवय, दुःखातही एकाखाली एक नीट नावं. लांज्याची आत्या, डोंबिवलीचे काका, तुझ्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचे मालक. सगळ्यांना फोन झाले. पाचव्या दिवशी दुपारी आई जरा लवंडली आणि मला एकदम आठवलं, की चार माणसांना कोणीच कळवलेलं नाही. त्यांचे नंबर नव्हते, आडनावं नव्हती. नुसती नावं होती, तीही त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नव्हेत. गरुड, बुलेट, टिल्लू आणि शून्य.

तुझ्या खुर्चीत बसले. कॉम्प्युटर चालू केला. हेडफोन खिळ्याला टांगलेलाच होता. मी तो घेतला नाही. गेम उघडला तर चौघं खेळत होते, पाचवी जागा एका परक्या मुलाने घेतली होती. तुझं नाव आलेलं दिसल्यावर बुलेटने लगेच लिहिलं, "पायरी! कुठे होतास दहा दिवस?"

मी टाइप केलं, "मी पायरीची ताई. नंदू गेला. ताप आला होता. पाच दिवसांत गेला."

मग काय झालं ते तुला सांगायला हवं. ते चौघं होते त्या जागी उभे राहिले. बंदुका हातात, पण हलेना कोणी. समोरच्या संघाला काय माहीत? ते आले आणि एकेकाला मारून गेले. पुढचा डाव सुरू झाला, पुन्हा चौघं उभे, पुन्हा मारले गेले. असे तीन डाव झाले. समोरचा कोणीतरी हसल्याच्या खुणा टाकत होता. तिसऱ्या डावानंतर गरुडने लिहिलं, "पत्ता द्या."

मी पत्ता दिला आणि कॉम्प्युटर बंद केला.

तुझ्या आजाराचं, दवाखान्याचं इथे काही लिहीत नाही. नऊ वर्षांचा असताना मेंदूज्वराने तुझे कान नेले त्याचंही नाही. ते सगळं लोकच सांगतात, आणि सांगताना तुझ्याबद्दल बोलतात असं मला वाटतच नाही. मला त्यानंतरचं आठवतं. शाळेच्या मैदानावर तू धाव घ्यायला निघालास, पलीकडून पोरं "नको, नको, मागे फिर" ओरडत होती आणि तू अर्ध्या खेळपट्टीवर हसत धावत होतास. धावबाद झालास. पुढच्या रविवारी तुला अंपायर केलं. त्याच्या पुढच्या रविवारी तू गेलाच नाहीस. आईने विचारलं तर म्हणालास, "ऊन आहे." आवाज तेव्हापासूनच सपाट आणि मोठा व्हायला लागला होता. तो शेजारी ऐकू जातो हे तुला कळायचं नाही, आणि सांगायचं धाडस आम्हाला व्हायचं नाही.

मग मारुती मंदिराजवळ मुश्ताकभाईंचा सायबर कॅफे निघाला. कुवेतहून परत आलेला माणूस, पांढरी दाढी, आठ कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना जोडलेले. पोरं ईमेल बघायला म्हणून जायची आणि एकमेकांना गोळ्या घालून बाहेर पडायची. मी तेव्हा पलीकडच्या गल्लीत डीटीपीचं काम करायचे, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. दुपारच्या सुट्टीत एकदा डोकावले, तर तू तिथे, कॉलेजला दांडी मारून. मला राग आला होता. पण तुझं तोंड बघितलं आणि दारातच थांबले. इतक्या वर्षांत तुला इतक्या जणांच्या मध्ये बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

तू सारखा मरत होतास. नेम चांगला, हात चपळ, नकाशातल्या गल्ल्या तोंडपाठ, तरी दर वेळी मागून कोणीतरी येऊन तुला संपवायचं. खुर्ची फिरवून तू मला विचारलंस, "ताई, ह्यांना कसं कळतं मी कुठे आहे ते?"

मी शेजारच्या पोराचा हेडफोन कानाला लावला. मला पावलं ऐकू आली. डाव्या कानात कोणीतरी लाकडी फळीवर चालत होतं, उजव्या कानात लांब कोणीतरी बंदूक भरत होतं. मी हेडफोन काढला आणि तुला कसं सांगावं ते कळेना. शेवटी कागदावर लिहिलं, "पावलांचा आवाज येतो. डावीकडून, उजवीकडून."

तू तो कागद बराच वेळ बघितलास. मग म्हणालास, "म्हणजे मी वाईट खेळत नाही." अख्ख्या कॅफेने वळून पाहिलं. मुश्ताकभाई गल्ल्यावरून म्हणाले, "पोरी, बस की त्याच्या बाजूला. खुर्ची हाय."

तशी मी बसले. हेडफोन माझ्या कानांवर, हात तुझ्या पाठीवर. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे डावीकडून, उजव्यावर म्हणजे उजवीकडून, दोन्हींच्या मधे म्हणजे मागून. जितकी बोटं तितकी माणसं. हलकं बोट म्हणजे लांब, दाबलं म्हणजे आलाच. बॉम्ब ठेवल्याचा आवाज झाला की अख्खा तळवा. पहिल्या दुपारी माझा गोंधळ व्हायचा, तू चिडायचास, "उशीर करतेस!" आठ दिवसांत जमलं. पंधरा दिवसांत त्या कॅफेत तुला मागून मारणारा कोणी उरला नाही. मी डबा खायचा विसरायचे, आणि दुपारनंतर कामावर पोटात कावळे ओरडत असताना कुणाच्या तरी पत्रिकेतल्या 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वर माझी बोटं आपोआप टिचक्या मारायची.

घरी ब्रॉडबँड आल्यावर कॅफे सुटला आणि पुणं, सातारा, नागपूर आपल्या ओटीच्या खोलीत आलं. तू नाव घेतलंस 'पायरी'. बुलेटने विचारलं, "रत्नागिरीचा ना तू? मग हापूस का नाही?" तू लिहिलंस, "हापूस सगळेच असतात." त्या उत्तरावर गरुडने तुला संघात घेतलं, हे त्याने मला परवा सांगितलं.

रत्नागिरीची लाइन म्हणजे काय, आपली गोळी पुण्याला पोचेपर्यंत समोरचा माणूस तिथून निघून गेलेला असायचा. भारनियमन होतं. इन्व्हर्टर नव्हता. तरी तुम्ही जिंकायचात. तुला नव्या माणसाला दोन शब्दांत सांगायची कला होती. बोलता येत नसल्यासारखा तू टाइप करायचास, म्हणून एकही शब्द फुकट जायचा नाही.

पण त्या खेळाचं सगळंच गोड होतं असं मी आज लिहिणार नाही. तू गेलास म्हणून मी मत बदललेलं नाही. तुझी मान धरायची. तीन दिवस दुकानात गेला नाहीस म्हणून मालकांचा निरोप आला होता. आणि ती मे महिन्यातली दुपार. वळवाच्या विजा चमकायला लागल्या, आईने नेहमीच्या सवयीने मेन स्विच बंद केला. तुमचा शेवटचा डाव चालू होता. तू उठून आईच्या अंगावर ओरडलास, "तुला काय कळतं! तुला काय कळतं गं!" तुझा आवाज किती मोठा होता ते तुला कळलं नसेल. शेजारचे दादा हातात टॉवेल घेऊन अंगणात आले. आईचा हात अजून स्विचवरच होता.

मी तुझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. दोन दिवस तू जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी आईला हाताला धरून खुर्चीत बसवलंस आणि गेम दाखवलास.

आई म्हणाली, "ह्यात माणसं मरतात?"

मी तुला ओठांनी सांगितलं. तू म्हणालास, "पुढच्या डावात उठतात."

"मग मारायची कशाला मेल्यानो, इतकी धावपळ करून?"

तू इतका हसलास, की आईही हसली. माफी वगैरे कोणी मागितली नाही.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यावरून आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही.

त्या हेडफोनमध्ये नुसती पावलं नव्हती, नंदू. माणसंही बोलायची. आपले चौघं कामाचं बोलायचे, पण बाकीचे, कधी समोरचे, कधी कुठून कुठून घुसलेले, काय काय बोलायचे ते मी आजही लिहू शकत नाही. आईबहिणीवरून तर पाणी प्यावं तशा शिव्या. जेमतेम आवाज फुटलेली पोरं असायची. घरी कोणाला "अहो काका" म्हणत असतील, आणि तिथे चेहरा दिसत नाही म्हटल्यावर कशालाच धरबंद नव्हता. आणि तुझ्यासाठी एक खास होतं. तुला कोणी हाक मारली, तू उत्तर दिलं नाहीस, की हमखास कोणीतरी म्हणायचं, "ए पायरी, बहरा है क्या?" ते नुसती शिवी म्हणून म्हणायचे. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. दिवसातून दहा वेळा मी ते ऐकायचे आणि माझा हात तुझ्या खांद्यावर असायचा.

तू विचारायचास, "काय म्हणाले?"

मी म्हणायचे, "चांगलं खेळलास म्हणाले."

असं दोन वर्षं चाललं. मग एक दिवस तू माऊस सोडलास, माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, "ताई, त्यांनी शिवी दिली की तुझी बोटं गप्प होतात."

मी हेडफोनची वायर सारखी करत राहिले.

"मला दर वेळी कळतं. दोन वर्षं कळतंय. काय म्हणतात ते सांग."

"नाही सांगणार."

"तू माझे कान आहेस ना? कान असं निवडून ऐकवतात?"

"मी कान नाही तुझे. बहीण आहे."

"मग हेडफोन काढ," तू म्हणालास. "बहीण म्हणून बस."

मी हेडफोन काढला नाही, तू पुढे विचारलं नाहीस. पण त्या दिवसापासून आपण दोघंही त्या भांडणात होतो. गेल्या वर्षी गणपतीला माहेरी आले तेव्हाही मी डिवचलंच, "अजून किती वर्षं गोळ्या घालणार आहेस लोकांना?" तू मोदकाला कळ्या पाडत होतास. पिठाच्या हातानेच म्हणालास, "बाहेर लोक माझ्याशी पोराशी बोलल्यासारखं तोंड वाकडं करून बोलतात. तिथे मला सरळ मारतात."

"आणि शिव्या देतात त्या?"

"त्या तुला ऐकू येतात. मला कुठे?"

तुझं म्हणणं खरं होतं, आणि ते तुला माहीत होतं म्हणून मी जास्तच चिडले.

माझ्या लग्नाआधीच्या त्या पुण्याच्या स्पर्धेचं तर आपण पुन्हा कधी बोललोच नाही. पाचही जणांनी एका हॉलमध्ये समोरासमोर बसून खेळायचं होतं. माझ्यासारखं कोणी पाठीमागे बसणं नियमात नव्हतं. तू लपवलं नाहीस. सरळ लिहिलंस, "मला ऐकू येत नाही. आजवर माझी ताई ऐकत होती." चार दिवस कोणाचं उत्तर नाही. पाचव्या दिवशी शून्यने लिहिलं, "एका खुर्चीवर दोन डोकी. ही चीटिंगच झाली." गरुडने फक्त लिहिलं, की या वेळी दुसऱ्याला नेतो. तू ते वाचून कॉम्प्युटर नीट बंद केलास, वर रुमाल टाकलास, आणि दुकानात गेलास. तीन महिने रुमाल काढला नाहीस. आईने नवस फेडावा तसा देवापुढे नारळ ठेवला, तुझं खूळ गेलं म्हणून. मला मात्र त्या रुमालाकडे बघवायचं नाही.

मग माझं लग्न ठरलं. अलोऱ्याचं स्थळ, कोयनेच्या कॉलनीतलं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत आले तर रुमाल खाली पडलेला आणि तू खेळत होतास. मी सवयीने खिळ्यावरचा हेडफोन घेतला. तू मागे न बघता म्हणालास, "नको ताई. आता मला जमतं."

स्क्रीनवर खाली भराभर अक्षरं येत होती. 'डा २'. 'मागे १'. चौघं तुझ्यासाठी टाइप करत होते. शून्यसुद्धा.

मी "बरं झालं" म्हटलं. तू माझ्या ओठांकडे बघितलं नव्हतंस, त्यामुळे तुला ते कळलंही नसेल. मी न्हाणीघरात जाऊन रडले. बरं झालंच होतं, नंदू. पण जे काम माझं होतं, जे सहा वर्षं माझ्या हाताने केलं, ते तू चार अनोळखी पोरांना देऊन टाकलंस आणि मला आधी सांगितलंही नाहीस. लग्नात तू पाठवणीला माझी बॅग उचललीस तेव्हा मी तुझ्याशी नीट बोलले नाही. सगळ्यांना वाटलं रडू आवरत नाही म्हणून. मी रुसले होते.

अलोऱ्याला तुझे मेसेज यायचे. "आज पण जिंकलो." एकदा सलग नऊ दिवस. मी उत्तर द्यायचे, "छान." एवढंच. मनात यायचं, माझ्याशिवाय जास्तच जिंकतोय.

गरुड तेराव्याला आला. सकाळच्या साताऱ्याच्या गाडीने. मी दार उघडलं तर समोर बेचाळीस-पंचेचाळीसचा माणूस, टक्कल पडत आलेलं, हातात साताऱ्याच्या पेढ्यांचा पुडा नव्हे, तर केळ्यांचा घड, आणि काय बोलावं ते न कळून उभा. मी विचारलं, "कोण पाहिजे?" तर म्हणाला, "मी गरुड." आणि स्वतःच ओशाळला. मी इतकी वर्षं त्याचा आवाज ऐकला होता, डोळे मिटले असते तर लगेच ओळखला असता. साताऱ्यात त्याचं किराणा दुकान आहे. बायकोला अजून वाटतं तो दुपारी स्टॉकचा हिशेब लिहायला आत बसतो. इकडे येताना तिला पहिल्यांदा खरं सांगितलं म्हणाला.

आईने त्याला जेवायला बसवलं. वरणभात वाढताना विचारलं, "माझा पोर खेळायचा कसा ओ?"

त्याने भात कालवता कालवता आईकडे बघितलं. मग म्हणाला, "मावशी, खोटं नाही सांगत. त्याच्याहून चांगला नेम असलेले बरेच होते. पण आमच्यातला कोणी चुकला तर त्याने एकदाही वाकडं लिहिलं नाही. त्या जागेत असं कोणी सापडत नाही."

आई मान हलवत राहिली. मग आणखी भात वाढला त्याला, तो नको नको म्हणत असताना.

निघताना अंगणात तो मला म्हणाला, "ताई, एक सांगायचं होतं. स्पर्धेच्या वेळचं माझं चुकलं. तीन महिन्यांनी त्यानेच मला लिहिलं. म्हणाला, ताईने माझ्यापायी दोन स्थळं परत पाठवली, आता तिसरं आलंय. तिला वाटायला नको की तिच्यावाचून माझं अडतं. तुम्ही टाइप करून सांगाल का? संघात नाही घेतलंत तरी चालेल, तिचं लग्न होईपर्यंत सांगा."

मी विचारलं, "आणि मग तुम्ही जिंकायला लागलात?"

"जिंकायला?" गरुड म्हणाला. "टाइप करता करता आम्हीच मरायचो. वर्षभर हरलो, ताई. शून्य तर रडकुंडीला यायचा. पण त्याला काढायचं कोणी म्हणालं नाही."

मी पायरीवर बसले.

म्हणजे तूही तेच करत होतास. तिकडे हरायचास आणि मला जिंकलो म्हणून कळवायचास. मी तुला चांगलं खेळलास म्हणून सांगायचे तसंच. एका आईची पोरं आपण. आता कोण कोणाला बोल लावणार? मी "छान" एवढंच लिहीत होते, तेव्हा तुला माझा रुसवा कळत होता का? कळलाच असेल. बोटांवरून शिव्या ओळखणाऱ्याला एका शब्दाचा मेसेज काय अवघड? आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज पण जिंकलो."

त्याबद्दल मला तुझ्याशी भांडायचं होतं. आभारही मानायचे होते. कुठलं आधी, ते अजून ठरत नाही.

तू म्हणाला होतास की कान निवडून ऐकवत नाहीत. शिव्या मी तुला आजही सांगणार नाही, त्या बाबतीत मी हटणार नाही. पण परवापासून मी आठवून बघते आहे की त्या गोंधळात मी तुझ्यापासून आणखी काय काय ठेवून घेतलं. एक सापडलं. ते मी लपवलं नव्हतं. ऐकलं तेव्हा तुझ्या उजवीकडून दोघं येत होते, माझी दोन्ही बोटं तुझ्या खांद्यावर दाबलेली होती. मग तो डाव संपला, वीज गेली, आणि मी विसरले. ते तुझंच होतं आणि तुला कधी मिळालंच नाही. तेव्हा आता देते.

नागपूरचा टिल्लू, तो घोगऱ्या आवाजाचा पोरगा, पुढे निघाला होता. बुलेट त्याला ओरडला, "अरे, मागे बघ, मागे!" तेव्हा टिल्लू चालता चालता म्हणाला, "पायरी आहे ना बे मागे. तो असला की मी मागे पाहतच नाही."